डाव्या पायाचा बूट

रतनवयनी गेली तेव्हा मी म्हापशाच्या बाजारात केळी निवडत होते. शुक्रवार होता, पाऊस नुकता उघडला होता आणि केळेवालीशी माझं नेहमीचं चाललं होतं. हे डागाळलेलं, ते कच्चं, हा घड काल कुणी नको म्हणून उरलेला का गं? आदल्या दिवशी इस्पितळातल्या नर्सबाई म्हणाल्या होत्या, लघवी थोडी सुटली आहे. तेवढ्यावर मी ठरवून टाकलं होतं की वयनी वाचली, आता दोन दिवसांत केळं कुस्करून खाईल. मूत्रपिंडं बिघडलेल्या माणसाला केळं देत नाहीत, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं, आणि मी जगाला शिकवणार! फोन वाजला. दादा म्हणाला, "सुमा, गेली गो ती." मी "येते" म्हटलं, फोन पिशवीत टाकला आणि केळेवालीला म्हणाले, ही दोन बदलून दे. तिने दिली. ती पिशवी घेऊन मी स्टँडकडे चालायला लागले. कळल्यावर तू काय केलंस, असं आता कुणी विचारलं की मी सांगते, तिथेच बसून रडले. खोटं आहे ते. मी केळी बदलून घेतली.

याला आता महिना उलटला. वाचकांना रतनवयनी ठाऊक असायचं कारण नाही. ती पेडण्यातल्या हळर्ण गावची, माझ्या सख्ख्या थोरल्या भावाची बायको. तिच्या नावावर चार गाई, एक गोठा आणि माझ्यासारखी नणंद, एवढीच मिळकत. मी म्हापशाला शाळेत शिकवलं, नोकरी संपली तरी शिकवायचं थांबले नाही. माझ्या तोंडाला मुलं घाबरायची, मुलांचे बाप घाबरायचे. वयनी मात्र घाबरायची नाही, हसायची. तिच्या हसण्याचा मला राग यायचा, कारण सातवी झालेल्या बाईने माझ्या बोलण्यावर हसावं हे माझ्या पचनी पडायचं नाही.

ती कारापूरहून लग्न होऊन आली तेव्हा मी नववीत होते. माप ओलांडून आत आली, ओटीतला नारळ सांभाळत पाटावर बसली, आजूबाजूला बायकांचा गलका. एवढ्यात मागच्या गोठ्यातून गाय हंबरली. नवरी मुलीने मान वर केली आणि आईला म्हणाली, "आवय गे, दूध काढूक नाय काय अजून? कास तटाटली असतली तिची." लग्नाच्या धांदलीत खरंच सगळे विसरले होते. बायका हसून लोळल्या. आई मात्र हसली नाही. तिने शालूवर जुनं लुगडं गुंडाळून दिलं आणि ही बया अंगावरच्या दागिन्यांसकट दूध काढायला बसली. मी जनेलातून बघत होते. मला लाज वाटली, मैत्रिणी काय म्हणतील म्हणून. पुढे तिने मला दूध काढायला शिकवायचा प्रयत्न केला. मी दोन दिवस शिकले, तिसऱ्या दिवशी गाईने लाथ मारली आणि मी वयनीलाच बोल लावला. पंचेचाळीसेक वर्षांचा आमचा व्यवहार हा असा. ती करायची आणि मी बोल लावायचे. दर दिवाळीला मी तिला माझ्या जुन्या साड्या द्यायचे, "अजून नवी आहे हो" असं म्हणून. ती त्या नेसायची, लग्नकार्यात नेसायची, आणि कुणी वाखाणलं की सांगायची, "आमच्या बायन दिली ती."

यंदा ज्येष्ठात नदीचं पाणी चढून गोठ्याला लागलं. पाणी ओसरलं, चिखल राहिला, आणि घुशी-उंदीर सगळे उंच जागा म्हणून गोठ्यात येऊन राहिले, पेंडीच्या पोत्यांतच. पुढे तीनेक आठवड्यांत त्यांच्या जर्सी गाईचा सात महिन्यांचा गाभ पडला. दुसऱ्या दोघींचं दूध आटलं, जे यायचं ते पिवळट, दाट. वयनीने वाट बघितली नाही. तिने गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाई तरुण होत्या, कडक होत्या. त्यांनी चारही गाईंचं रक्त नेलं आणि पुढच्या खेपेला कागद घेऊन आल्या. त्या दिवशी मी तिथेच होते, नको तिथे हजर असायची माझी सवयच आहे. बाई म्हणाल्या, हा लेप्टो. "उंदीर पेंडीत मुततो, साठलेल्या पाण्यात मुततो. गाईला तो तिथून होतो. मग गाईच्या लघवीतून बाहेर पडत राहतो. तुमच्या पायांना भेगा आहेत ना मावशी, तिथून तो तुमच्या अंगात शिरेल. डोळ्यांतून, तोंडातून शिरेल. गोठा कोरडा ठेवा, पेंड पत्र्याच्या पिंपात ठेवा, बूट आणि हातमोजे घातल्याशिवाय आत पाय टाकू नका." आणि मग म्हणाल्या, "कपिलेच्या रक्तातही आहे."

कपिला म्हणजे त्यांची गावठी गाय. म्हातारी, दूध जेमतेम घरच्या चहापुरतं, पण पूजेअर्चेला गोमूत्र न्यायला वस्तीतली, आमच्या वाड्यावरची सगळी तिच्याकडेच यायची. तिला काहीही झालेलं दिसत नव्हतं. रवंथ करत उभी होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो बाई, गावठी गाईला कसला रोग? हे सगळे जर्सीचे चोचले. आमच्या सात पिढ्या हिच्या गोमूत्रावर वाढल्या." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि उत्तर वयनीला दिलं. "जी आजारी दिसत नाही तीच जास्त फसवते, मावशी. इंजेक्शनं दिली आहेत, पण मी पुन्हा तपासून सांगेपर्यंत हिच्या लघवीला हात लावायचा नाही. पूजेलासुद्धा नाही." वयनीने मान हलवली. मग तिने इतके प्रश्न विचारले, की बाई पडवीत बसून चहा घेऊन गेल्या. वासरांना होतो का, दूध उकळलं की चालतं का, चुना टाकू का... माझ्या वर्गातल्या एका पोराने मला इतके नीट प्रश्न कधी विचारले नव्हते.

दादाने पुढच्याच शुक्रवारी बाजारातून काळे गमबूट आणले. एक नंबर मोठे निघाले. वयनीने पुढे चिंध्या कोंबल्या आणि घातले. हातात भांडी घासायचे पिवळे मोजे. पत्र्याचं पिंप आलं, पिंजरे लागले, गोठ्यातून पाणी जायला तिने स्वतः चर खणला. आणि मी? मी पडवीत खुर्ची टाकून म्हणाले, "काय गं, गोठ्यात चाललीस की डिचोलीच्या खाणीवर?" वाड्यावरच्या बायकांना हे फार आवडलं. मग त्या तिला येता-जाता विचारायच्या, "रतन, आज खाणीर कामाक गेलंस नाय?" ती हसायची. तो विनोद त्यांना मी शिकवला, हे इथे लिहून ठेवते.

आता पुढचं लिहिते. हे लिहिण्यासाठीच कागद घेऊन बसले आहे, बाकीचं सगळं लांबण लावणं होतं.

श्रावणात माझ्या म्हापशाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. पूजेच्या दुकानात गोमूत्राच्या बाटल्या ओळीने मांडून ठेवलेल्या असतात, कुणीही घेतं. मला ते चालणार नव्हतं. माझं घर साधंसुधं नव्हतं ना! मी वयनीला फोन लावला. "गोमूत्र कपिलेचंच आण. सकाळचं पहिलं, भुईवर न पडलेलं."

ती म्हणाली, "बाय, डॉक्टरीण हात लावू नको म्हणता. पुन्हा तपासूक यायची हा ती. शेजारच्या गायीचां हाडू?"

"माहेरची गाय असताना शेजारचं आणायचं? आई असती तर हे ऐकून घेतलं असतं तिने?"

आईचं नाव मी मुद्दाम घेतलं. वयनीने आईचं शेवटचं दुखणं दोन वर्षं काढलं होतं, मी रविवारी भेटायला जायचे. आईचं नाव काढलं की वयनी नाही म्हणू शकत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि तेवढ्यावर थांबले असते तरी... पण नाही. मी म्हटलं, "आणि ते रबरी बूट घालून नको हं. न्हाऊन, सोवळ्यात, अनवाणी. विटाळलेलं माझ्या घरात नको."

मग ती म्हणाली, "बरां."

पहिल्या बसने ती आली. पाऊस कोसळत होता. मांडीवर तांब्या, तोंडाला केळीचं पान बांधलेलं. सगळा प्रवास तसाच धरून बसली होती, एक थेंब सांडू दिला नव्हता. दादा पहाटे दूध घालायला गेला होता तेवढ्यात तिने काम उरकलं. त्याला सांगितलं, शेजारचं आहे. स्वयंपाकघरात पदर खोचताना ती मला हसत हसत सांगत होती, "पाणी तुंबलेलां गो गोठ्यात, घोट्याइतक्यां. ओंजळ फुडे केली नि मेल्या कपिलेन शेपटी मारल्यान, अर्धां माझ्या तोंडारच इलां!" मी म्हटलं, "चला, पवित्र झालीस." आम्ही दोघीही हसलो. मग मी तिला नारळ खवायला बसवलं आणि बाहेर पाहुण्यांत जाऊन बसले. भटजींनी आंब्याच्या डहाळीने चारी कोपऱ्यांत शिंपडलं, थोडं माझ्याही अंगावर उडालं. मला काही झालं नाही. माझ्या पायांना भेगा नाहीत. त्या दिवशीच्या एकाही फोटोत वयनी दिसत नाही. मी परवा सगळे पुन्हा काढून बघितले. एका फोटोत दाराआड तिचा हात आहे, खवलेल्या खोबऱ्याच्या ताटासकट.

दहा दिवसांनी तिला ताप भरला. पोटऱ्या ठणकायला लागल्या, डोळे लाल झाले. दादा तिला मोठ्या इस्पितळात न्यायचं म्हणत होता. मीच म्हटलं, कशाला ती रांग, इकडे आण, माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. त्यांचा दवाखाना माझ्या नव्या घराजवळच. दादा बाहेर गाडीपाशी थांबला, मी तिला घेऊन आत गेले. डॉक्टरांनी बरोबर तोच प्रश्न विचारला. काय करता? गाई आहेत का? गोठ्यात उघड्या पायांनी जाता का?

वयनीने माझ्याकडे बघितलं. प्रश्न तिला विचारला होता, उत्तर दिलं मी. "नाही हो डॉक्टर, गमबूट घालते ती. हातमोजेसुद्धा. सगळं अगदी शिस्तीत."

"कधीच अनवाणी नाही?"

"कधीच नाही."

डॉक्टरांनी तापाच्या गोळ्या दिल्या, म्हणाले, साथीचा ताप आहे, तीन दिवसांनी दाखवा. जिना उतरताना तिने कठडा धरला होता. अर्ध्यावर थांबून हळूच म्हणाली, "बरां केलंस, बाय. नव्या घराक नांव लागूक नको. ह्यांकाय सांगू नको हां, उगीच तुमी भावंडां झगडश्यात." तिला काय वाटलं कुणास ठाऊक, मी घाबरून खोटं बोलले हे तिला कळलं होतं की नाही. मला वाटतं कळलं होतं. मला त्या क्षणी काय वाटलं तेही सांगते. हायसं वाटलं.

ते तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले, लघवी बंद झाली. मोठ्या इस्पितळात नेलं तिथे त्यांनी मला काही विचारलंच नाही, रक्ताने सगळं सांगितलं. रक्त शुद्ध करायचं मशीन लावलं, मग खोकल्यातून रक्त यायला लागलं, मग श्वासाची नळी. मी तिथल्या डॉक्टरांना एकदा विचारलं, तीन दिवस आधी आलो असतो तर? ते म्हणाले, या आजारात तीन दिवस खूप असतात, साध्या औषधालाही दाद देतो तो सुरुवातीला. मला वाटलं आपण नीट ऐकलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. नळी घालण्याआधी ती मला शेवटचं काही बोलली असेल तर ते हे, "कपलेक पेंड भिजवन घालूक सांग, दात नाय तिका." ती मरायला टेकली होती आणि मी मनात म्हणत होते, बरं झालं, दादाला काही सांगितलं नाही हिने. एवढं नीच मन माझं.

सुतकामुळे यंदा आमच्याकडे गणपतीची चवथ झाली नाही. बाराव्याला शुद्धीसाठी भटजींनी गोमूत्र मागितलं आणि कुणीतरी सवयीने वाटी घेऊन कपिलेकडे निघालं. दादा जागचा उठला नाही. म्हणाला, "भटजी, दुकानातली बाटली हाडलंय मी. ती चलता?" भटजी म्हणाले, न चालायला काय झालं? झाकण फिरवलं, शिंपडलं, शुद्धी झाली. मी मागे भिंतीला टेकून बघत उभी होते.

त्याच दिवशी, पंगती उठल्यावर, दादाने तो बूट आणून माझ्यासमोर धरला. डाव्या पायाचा. तळव्याजवळ, टाचेच्या वर, बोटभर लांबीची चीर. "ह्यां बघ. ती माका म्हणालेली, चीर पडली हा, दुसरे हाडा म्हणान. मी म्हटलंय, चवथीच्या बाजाराक बघूया. हंयसून शिरलां गो तां दुखणां. माझ्या आळसान मेली ती." माझा दादा कधी मोठ्याने रडला नव्हता, आईच्या वेळीही नाही. तो बूट छातीशी धरून रडला. आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "असं नको म्हणू, दादा. होणारं चुकत नाही." वर त्याला पाणी आणून दिलं. लोक म्हणाले, बहीण असावी तर अशी!

तेव्हापासून तो येईल-जाईल त्याला ती चीर दाखवतो. दूध घालायला गेला की तिथे सांगतो, बसमध्ये शेजारी बसलेल्याला सांगतो. जेवत नाही धड. डॉक्टरीणबाई कपिलेचं रक्त पुन्हा तपासून गेल्या, आता ती साफ आहे म्हणाल्या. ठणठणीत आहे कपिला, भिजवलेली पेंड चघळत असते. मी तिच्या डोळ्यांना डोळा देत नाही. तिचा काय दोष, हे मला समजतं, तरी देत नाही.

परवा महिन्याच्या कार्याला गेले तर गोठ्याच्या दारात दोन जोड होते. एक जुना. आणि एक नवाकोरा, लहान, वयनीच्या बरोबर मापाचा. दादाने आणला. दुपारी तो जरा आडवा झाला तेव्हा मी जुना डावा बूट घेऊन मागल्या दारी नळावर गेले. आत हात घालून पुढच्या चिंध्या काढल्या. माझ्याच साडीच्या होत्या, त्या जांभळ्या, "अजून नवी आहे हो" म्हणून दिलेल्या. आणि कोरड्या होत्या. इतका पावसाळा त्या बुटाने गोठ्यात काढला, तरी पाण्याचा एक डाग त्यांच्यावर नव्हता. मी बूट काठोकाठ भरला आणि खाली कोरड्या फरशीवर ठेवून समोर बसून राहिले. चिरेला बोटाने दाबलं, वाकवलं. चीर वरच्या वर होती, आतल्या थराला लागलीच नव्हती. ऊन नळावरून अंगणात उतरलं तरी मी बसलेलीच.

एवढ्यात दादा उठून मागे आला. "काय गो करतंस?"

"धुते," मी म्हटलं. "चिखल होता."

तो "बरां" म्हणाला आणि आत गेला. वयनी म्हणायची तसंच.

दादा, तू रविवारची ही पुरवणी पडवीत बसून पहिल्या पानापासून वाचतोस, वयनीला मोठ्याने वाचून दाखवायचास. आता कुणाला दाखवतोस ठाऊक नाही. हे मात्र तू वाच. तोंडावर सांगायची माझी छाती नाही, म्हणून चारचौघांत सांगते आहे. त्या दिवशी तिच्या पायात बूट नव्हते. मी काढायला लावले. डॉक्टरांशी खोटं मी बोलले. आणि तुझा बूट गळत नाही, दादा. मी पाणी भरून बघितलं, फरशी कोरडी होती.